बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर, वय पन्नास ते पासष्ट: घरातली रोजची व्यवस्था

विलेपार्लेकर
बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायच्या शस्त्रक्रियेबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक शस्त्रक्रियेआधीचं असतं. स्लीव्ह की बायपास, खर्च किती, दाखल किती दिवस. माणूस घरी आला की पुढे काय, हे कुणी सविस्तर लिहीत नाही. त्यातून पन्नाशी उलटलेल्यांची गोष्ट पंचविशीतल्या मुलांपेक्षा वेगळी. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या आधीपासून चालू असतात, गुडघे दुखत असतात, बायकांची पाळी गेलेली असते आणि हाडं आधीच ठिसूळ व्हायला लागलेली असतात. जेवण, गोळ्या, व्यायाम आणि धोक्याच्या खुणा, सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. माहीतगारांनी मापं आणि वेळांसकट लिहावं ही विनंती. 'थोडं थोडं खा' एवढं सगळेच सांगतात, थोडं म्हणजे किती ते हवंय.

पथ्यपाणी
मापापासूनच सुरू करते. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, १०० ते १५० मिली मावेल एवढी. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून थेट आतड्याला जोडतात. हा कप्पा साधारण ३० मिलीचा, म्हणजे दोन टेबलस्पून. घरात ह्याचं माप हवं असेल तर मसाल्याच्या डब्यातली छोटी वाटी घ्या. तिच्यात साधारण ५०-६० मिली मावतं. पहिल्या दोन महिन्यांत एका वेळचं जेवण म्हणजे ही एक वाटी. आमटीची वाटी समोर ठेवली की ती संपवायचा हात आपोआप होतो, म्हणून भांडंच लहान करायचं.

टप्पे असे: पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ, म्हणजे पाणी, नारळपाणी, भाज्यांचं गाळलेलं पाणी. मग साधारण दोन आठवडे पातळ ताक, दूध, प्रोटीन पावडर, मुगाचं गाळलेलं कढण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, गुठळी न राहिलेलं. पाचव्या-सहाव्यात मऊ: अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पनीर, उकडलेला मासा, मऊ मुगाचं धिरडं. नेहमीचं जेवण सहा ते आठ आठवड्यांनी. हॉस्पिटलप्रमाणे आठवडाभर इकडेतिकडे होतं, तेव्हा आपल्या सर्जनच्या तक्त्यालाच मान द्या. मात्र बरं वाटतंय म्हणून पुढच्या टप्प्यावर उडी मारू नका. जठर कापून जिथे पिनांनी जोडलं ती स्टेपलची शिवण आतून भरायला वेळ लागतो आणि पोटाला काय वाटतंय ह्यावरून ते कळत नाही.

पाणी आणि जेवण एकत्र नाही. जेवल्यावर ३० मिनिटं पाणी बंद. दिवसाचं दीड लिटर तरी जायला हवं आणि घटाघटा पिता येत नाही, मग हिशेब असा: खोकल्याच्या औषधावर येतं तसं, पण ३० मिलीचं मापाचं झाकण घ्या, तेवढं दर पंधरा मिनिटांनी. तासाला १२० मिली झालं. जेवणाच्या वेळा वजा जाऊनसुद्धा रात्रीपर्यंत दीड लिटर भरतं.

प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम, पुरुषांना आणि मोठ्या बांध्याच्या माणसांना ८० पर्यंत. आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक इथे होते. 'वरण खाते ना, डाळीत प्रोटीन असतं.' एक वाटी पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम असतं, आणि ती अख्खी वाटी पोटात मावतच नाही. तिसऱ्या महिन्यातला एक दिवस मांडून दाखवते: २०० मिली दुधात डब्यातल्या मापाचा एक स्कूप व्हे (प्रोटीन) पावडर, मिळून ३० ग्रॅम प्रोटीन. एक अंडं ६. पनीर ५० ग्रॅम, त्याचे ९. मासा ६० ग्रॅम, त्याचे १२. शंभर ग्रॅम दही ३. झाले ६०. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी किंवा भात.

माहीमची_लेक
पथ्यपाणीताई, मासा म्हणजे कुठला? आमच्याकडे मऊ म्हणून ओले बोंबील देतात.

पथ्यपाणी
बोंबील उतरतो छान, पण ओल्या बोंबलात पाणीच जास्त, प्रोटीन इतर माशांच्या जवळपास निम्मंच. कधीतरी चालेल, भरवसा त्याच्यावर नको. सुरमई, रावस, पापलेट उकडून किंवा पातळ कालवणात घ्या, काटे नीट काढून. तळलेला नको, रव्याचं कुरकुरीत आवरण सहा महिन्यांनीसुद्धा अडकतं.

अडकणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी लक्षात ठेवायची. पहिला नंबर मऊ पावाचा. चावल्यावर पाव पुन्हा पिठाचा गोळा होतो आणि नळीच्या तोंडाशी बसतो, वडापाव आणि पावभाजी दोन्ही त्यातच आले. मग गरम पोळी, मग मोकळा भात, मग कोरडं चिकन. अडकलं की छातीच्या मधोमध दाबल्यासारखं दुखतं, तोंडात लाळ साचत राहते. अशा वेळी वरून पाणी ओतू नका, उलटी होते. उठून सावकाश चाला, बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतं. भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करली तर पोळीपेक्षा लवकर सोसते.

औषधवाला_परळ
गोळ्यांबद्दल मी लिहितो. इथे चुका रोज दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा वेळेच्या चुका असतात, गोळी विसरण्याच्या नाहीत.

आधी कॅल्शियम. दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण शरीर एका वेळी ५००-६०० च्या वर नीट शोषत नाही, म्हणून दोन-तीन भागांत. सर्वात जास्त विकली जाणारी गोळी कॅल्शियम कार्बोनेटची. ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, आणि शस्त्रक्रियेनंतर आम्ल कमी, त्यात पँटोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, चालू. म्हणून सायट्रेट मागून घ्या. पाकिटावर 'कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ' लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम साधारण २१० मिलिग्रॅमच असतं. 'एलिमेंटल कॅल्शियम' ह्या शब्दापुढचा आकडा वाचायचा, मोठ्या अक्षरातला नाही.

लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास हवेत, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. चहाही लोह अडवतो. थायरॉइडची गोळी तर ह्या दोघांपासून चार तास लांब. मुंबईच्या दिवसात हे असं बसतं: सकाळी ६ ला थायरॉइड, नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने. ११ ला कॅल्शियम. दुपारी दीडला जेवणानंतर मल्टिव्हिटॅमिन. संध्याकाळी ५ ला पुन्हा कॅल्शियम. रात्री १० ला लोह, लिंबाच्या पाण्याबरोबर. थायरॉइड नसेल तर पहिलं कॅल्शियम नाश्त्यानंतर घ्या, म्हणजे तीन भागही सहज होतात. फोनवर पाच गजर लावून ठेवा.

बी१२ जन्मभर. जठराचा जो भाग ते शोषायला मदत करतो तो कमी झालेला किंवा बाजूला पडलेला असतो. वर मेटफॉर्मिन आणि आम्लाची गोळी दोन्ही बी१२ कमी करतात, आणि ह्या वयात दोन्ही चालू असलेली माणसं पुष्कळ. तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, तुमचे डॉक्टर सांगतील ते. तळपायांना मुंग्या येतात आणि 'वयामुळे असेल' म्हणून सोडून देतात. सोडू नका.

जुन्या गोळ्या हा वेगळाच मुद्दा. शुगर पहिल्या आठवड्यातच उतरते, वजन उतरायच्या आधी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन जुन्याच डोसने चालू राहिलं तर शुगर धोकादायक खाली जाते. बीपीतली लघवी वाढवणारी गोळी पाणी कमी जात असताना चक्कर आणते. डिस्चार्जच्या कागदावर जुनी प्रत्येक गोळी 'चालू', 'बंद' किंवा 'अर्धी' असं लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटलमधून निघू नका. लांबवून काम करणाऱ्या, नावापुढे एसआर किंवा ईआर असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. बायपासवाल्यांनी त्या बदलून साध्या मिळतात का, हे विचारायचं.

आणि गुडघेदुखी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफेनॅक ह्यांनी बायपासच्या जोडाजवळ अल्सर होतो, तो रक्तस्राव करतो, कधी फुटतो. स्लीव्हमध्येही टाळतातच. कोपऱ्यावरच्या दुकानात 'दुखण्यावर काहीतरी द्या' म्हटलं की नेमकं ह्यातलंच काहीतरी हातात पडतं. पॅरासिटामॉल म्हणून नाव घेऊन मागायचं, आणि स्ट्रिपच्या मागे तेवढं एकच नाव आहे ना ते बघायचं. मशेरी, तंबाखू, सिगरेटही अल्सरला आमंत्रण देतात.

गोरेगावकर
फार उपयोगी. पित्ताशयाच्या खड्यांसाठी गोळी देतात ती किती दिवस? आणि केस गळतात त्यावर बायोटिन?

औषधवाला_परळ
वजन झपाट्याने उतरतं तेव्हा पित्तात कोलेस्टेरॉल वाढून खडे बनतात. त्यासाठीचं उर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड बहुधा सहा महिने. मध्येच संपली म्हणून थांबवू नका. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, मुळं शाबूत असतात, वर्षाच्या आत परत येतात. बायोटिनने गळती थांबत नाही, शिवाय त्याने थायरॉइडची आणि ट्रोपोनिनची (हार्ट अटॅक ओळखायची) तपासणी चुकीची येऊ शकते. घेत असाल तर लॅबला सांगा. केसांसाठी प्रोटीन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि झिंक बघा.

वॉर्डसिस्टर
धोक्याच्या खुणा लिहिते. ह्या वाचून ठेवा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचायला द्या.

पहिले दोन-तीन आठवडे: स्वस्थ बसलेलं असताना नाडी १२० च्या वर, ताप, पोटात वाढतं दुखणं, डाव्या खांद्यात दुखणं. शिवणीतून गळती होत असेल तर आधी नाडी वाढते, पोट नंतर दुखतं. सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून वहीत लिहा, बीपीच्या मशीनवर ती दिसतेच. एका पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागला तर रक्ताची गाठ असू शकते. पन्नाशीनंतर हा धोका वाढतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं दिली असतील तर शेवटपर्यंत पूर्ण करा.

दुसरी गोष्ट कमी माहीत आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर थायमिन, म्हणजे बी१, संपत जातं. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. मग दोन दोन दिसायला लागतं, चाल डगमगते, माणूस असंबद्ध बोलतो. साठीच्या माणसात हे 'अशक्तपणा' किंवा 'विसराळूपणा' म्हणून निघून जातं आणि मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं की पहिली बाटली ग्लुकोजची लागते. थायमिनआधी नुसतं ग्लुकोज दिलं तर परिस्थिती आणखी बिघडते. दारातच सांगा: 'बेरियाट्रिक झालेली आहे, उलट्या होतायत, आधी थायमिन द्या.' हे वाक्य शस्त्रक्रियेच्या प्रकारासह आणि तारखेसह एका कार्डावर लिहून पाकिटात, आधार कार्डाशेजारी ठेवा.

बायपासवाल्यांसाठी आणखी एक: वर्ष-दोन वर्षांनीही जेवणानंतर पोटात कळ येऊन जात असेल, तर आतड्याची वेटोळी आतल्या फटीत अडकत असण्याची शक्यता असते. अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन वाट बघू नका. थांबतच नसेल तर त्याच रात्री सीटी स्कॅन.

चालतीबोलती
फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, बऱ्याचदा पाव हिस्सा. तिशीत ते भरून येतं. पंचावन्ननंतर मुद्दाम मेहनत केली तरच येतं. म्हणून काटा किती खाली गेला ह्यापेक्षा खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, ह्यावर माझा जास्त भर.

घरच्या घरी मोजता येतं. हाताच्या नसलेल्या, साधारण १७ इंची खुर्चीवर बसा, हात छातीवर दुमडून, ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता-उठता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी झालं तर पायात ताकद कमी आहे. शस्त्रक्रियेआधी एकदा मोजून ठेवा, मग दर महिन्याला. वजन उतरतंय आणि हा आकडाही उतरतोय, तर प्रोटीन किंवा व्यायाम कुठेतरी कमी पडतोय.

चालणं पहिल्या दिवसापासून. आधी घरातल्या पॅसेजमध्ये पाच मिनिटं, दिवसातून सहा वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात. दादरकरांनी शिवाजी पार्कला जा. कट्ट्याभोवतीची एक फेरी १.२ किलोमीटरच्या आसपास भरते आणि दम लागला तर टेकायला कट्टा सगळीकडे आहेच. पहिले सहा आठवडे पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीपेक्षा जड काही उचलायचं नाही, पाण्याने भरलेली बादलीसुद्धा. सहा आठवड्यांनंतर सर्जनने हो म्हटलं की वजनाचे व्यायाम. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलोचं डंबेल. आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक व्यायाम १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या, आणि शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. चालण्याने दम सुधारतो, दंडाचा आणि मांडीचा स्नायू राखायला भार लागतो.

गोरेगावकर
तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा हलायचा थांबतो, त्याचं काय? घाबरून लोक खाणंच बंद करतात. आणि शेवटी एकूण किती उतरायला हवं?

पथ्यपाणी
थांबतोच. आधी जे झपाट्याने उतरतं त्यात यकृत-स्नायूंतली साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी बरंच असतं. नंतर शरीर थोडं पाणी पुन्हा धरतं, चरबी उतरत असते पण काट्यावर दिसत नाही. आठवडा ते तीन आठवडे चालतं. तेव्हा काटा आठवड्यातून एकदाच, कमरेला टेप मात्र लावा.

एकूणचा हिशेब: उंची १५८ सेंटीमीटर, वजन ११२ किलो धरा. बीएमआय २५ ला वजन येतं ६२, म्हणजे जास्तीचं ५०. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात जास्तीच्या वजनातलं ५० ते ६० टक्के जातं, बायपासमध्ये थोडं अधिक. म्हणजे २५ ते ३० किलो उतरून ही बाई ८२ ते ८७ वर येईल. साठीत ह्याहून थोडं कमीही उतरतं. ६२ ची वाट बघत बसली तर उगाच खचेल. ८५ किलोवर शुगरच्या गोळ्या सुटल्या, झोपेत श्वास अडकणं कमी झालं, तर शस्त्रक्रियेने काम केलं.

दीड-दोन वर्षांनंतर वजन परत चढतं ते जेवणाने नाही, चरण्याने. चहात बुडवलेली बिस्किटं, चिवडा, शेव, फरसाण. चुरा होणारं, विरघळणारं खाणं नळीतून सुळकन उतरतं, पोट भरल्याची जाणीव होतच नाही.

माहीमची_लेक
उपवास आणि मोदकांबद्दल सांगाल का? चतुर्थी सोडायला घरातली मोठी माणसं तयार नसतात.

पथ्यपाणी
पहिलं वर्ष निर्जळी आणि एकवेळचे उपवास नकोत. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि चिकट असल्याने अडकतेही. श्रद्धा मोडायची नसेल तर उपवासाला दूध, दही, ताक, पनीर चालतं ना, त्यातून ६० ग्रॅम भरा. शेंगदाण्याचं कूट दह्यात कालवून घ्या.

मोदकाचं सारण म्हणजे गूळ-खोबरं. बायपासवाल्यांना, काही वेळा स्लीव्हवाल्यांनाही, गोड झपकन आतड्यात उतरतं. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब. ह्याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: आधी साखर चढते, तिच्यावर इन्सुलिन उसळतं, आणि मग साखर खाली. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. नैवेद्याचा अर्धा मोदक, जेवणाच्या शेवटी, तूप बेताने. उसाचा रस, जिलबी नकोच.

विलेपार्लेकर
पावसाळ्यात पोटाच्या घडीखाली चट्टे येतात. वजन उतरल्यावर कातडी लोंबते, तिथे घाम राहतो. ती कापून घेण्याची शस्त्रक्रिया विम्यात बसते का?

वॉर्डसिस्टर
जून ते सप्टेंबर हा त्रास हमखास. अंघोळीनंतर घडी उचलून टॉवेलने टिपायची, घासायची नाही. पंख्यासमोर पाच मिनिटं कोरडी होऊ द्यायची, मग घडीत जुन्या धुवट सुती साडीची पट्टी ठेवायची, ओली झाली की बदलायची. लाल, कडेला उठाव असलेला, खाजणारा चट्टा बुरशीचा, त्याला क्लोट्रिमाझोल दोन ते चार आठवडे. स्टेरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून उचलू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि चट्टा पसरतो.

कातडीची शस्त्रक्रिया वजन स्थिर झाल्यावर, साधारण १२ ते १८ महिन्यांनी. पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, वैद्यकीय गरज सिद्ध झाली तरच विचार होतो. म्हणून चट्ट्यांचे तारखेसह फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञाची प्रिस्क्रिप्शनं पहिल्या पावसाळ्यापासून जपून ठेवा.

औषधवाला_परळ
तपासण्यांचं राहिलं होतं. तीन, सहा, बारा महिने आणि मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारं संप्रेरक), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), यकृत-मूत्रपिंड, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर). बायपास असेल तर झिंक आणि तांबंही. नुसतं कॅल्शियम 'नॉर्मल' आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. रक्तातलं कॅल्शियम शरीर हाडांतून काढून भरून काढतं, ते पीटीएच वाढल्यावर कळतं. पाळी गेलेल्या बायकांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन शस्त्रक्रियेआधी आणि दोन वर्षांनी करून घ्यावा. हाडांसाठी आठवड्याला घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी बायपासनंतर सहसा देत नाहीत, अन्ननलिकेला आणि जोडाला इजा होते. त्याऐवजी शिरेतून देण्याचं औषध असतं.

गोरेगावकर
एक शेवटचं. लोकलने रोज तासभर जाणाऱ्यांनी पाण्याचं कसं करायचं? गर्दीत बाटली काढता येत नाही.

पथ्यपाणी
बोरिवलीहून चर्चगेटची स्लो लोकल म्हणजे तासाभराचा प्रवास, तेवढ्यात १२० मिली बुडतं. चढण्याआधी प्लॅटफॉर्मवर दोन झाकणं, उतरल्यावर दोन, आणि ऑफिसात पहिल्या दोन तासांत ३० च्या जागी ४० मिली. मे महिन्यात घामाचं वेगळं, तेव्हा दिवसाचं अर्धा लिटर वाढवा. लघवी गडद पिवळी झाली तर मागे पडलात.

आणि हो, दातांचं कुणीच लिहिलं नाही. घास पेस्टसारखा होईपर्यंत, वीस-पंचवीस वेळा चावायचा असतो, आणि ह्या वयात दाढा पडलेल्या असतात. कवळी असेल तर वजन उतरल्यावर ती सैल होते, हिरड्यांना घासते, मग माणूस न चावताच गिळतो आणि घास अडकतो. दोष पोटाला देतात. मऊ आहार संपायच्या आत दंतवैद्याकडे जाऊन कवळी घट्ट करून घ्या.